आठ वेण्या

तुम्ही तिच्या केसांना हात लावलात. कोणाला विचारून लावलात? पोरीची आई मेली होती का? मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुमची पिवळी बस जर्मनटाउन अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर थांबली आणि सकाळी घरातून गेलेली मुलगी तिच्यातून उतरलीच नाही, दुसरीच कोणी उतरली. शिकवायला दिली होती ना तुमच्याकडे? मग शिकवा. पाढे शिकवा, नद्या शिकवा, डोक्याच्या आत काय कोंबायचं ते कोंबा. डोक्याच्या वर तुमचं काही काम नाही. तिथे आई असते.

ही वाक्यं वोनेटा कोणाला बोलली नव्हती. मंगळवारपासून ती त्यांना तोंडातल्या तोंडात घोळवत होती, जेवताना, दात घासताना, गिऱ्हाइकाच्या डोक्यात बोटं घालून उभी असताना. आणि यातले 'तुम्ही' म्हणजे नक्की कोण, हे विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. टीचर कोरिन? ती सव्वीस वर्षांची पोर, तिला एवढं मोठं 'तुम्ही' कशाला लागतंय. मग शाळा? शाळा म्हणजे तरी कोण? भिंतींना नवा रंग आणि दारावर नवं नाव. त्याही मागे कोणीतरी होतं, शहराच्या मध्यात उंच इमारतीत बसणारं, ज्याने एका पत्राने ती जुनी सरकारी शाळा बंद केली होती आणि दुसऱ्या पत्राने तीच इमारत या नव्या मंडळाला दिली होती. पैसा लोकांचा, कारभार मंडळाचा, आणि प्रवेश चिठ्ठ्या टाकून. वोनेटाने त्या कोणाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. राग मात्र त्यांच्यावरच होता, आणि ज्याचं तोंड पाहिलेलं नाही त्याच्यावरचा राग निवत नाही, कारण त्याला कधी थकलेलं, शिंकताना, चपला शोधताना पाहायला मिळत नाही.

झालं होतं ते एवढंच. ईस्टरच्या आधीचा आठवडा. मिस डेलोरिसच्या वेण्यांच्या दुकानात चारही खुर्च्या सकाळपासून भरलेल्या. रविवारी चर्चला जायचं म्हणजे फिलाडेल्फियातल्या निम्म्या बायकांना आणि त्यांच्या पोरींना नव्या वेण्या लागतात, आणि त्या सगळ्या जणू वोनेटाच्याच बोटांनी घालायच्या असतात. तिच्या हाताखाली ओडेसा नावाची नर्स होती, अर्धं डोकं झालेलं, अर्धं फुलारलेलं. दाराची घंटी वाजली, नाइमा आत आली, दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि रोजच्यासारखी "हाय ममा" म्हणाली. वोनेटाने मान वळवली. कंगव्याची शेपटी ओडेसाच्या टाळूवर तशीच टेकलेली राहिली.

आठ वेण्या. कपाळापासून मानेपर्यंत, टाळूला धरून घातलेल्या, शेवटाला पारदर्शक मणी, मधे एकेक लाल. वोनेटाने त्या वाचल्या. तिला माणसांचे चेहरे फारसे वाचता येत नाहीत पण डोकी वाचता येतात, वीस वर्षं तेच केलंय तिने. भांग सरळ होते. घाई नव्हती त्यात. कपाळाकडची मऊ लव ओढून वेणीत कोंबलेली नव्हती, तशीच सोडली होती, म्हणजे घालणारीला ठाऊक होतं की नऊ वर्षांच्या पोरीची ती लव ओढली की पंधराव्या वर्षी तिथे टक्कल पडतं. कानामागे एक वेणी जरा वाकली होती. तेवढी एकच चूक. वोनेटाने ती चूक गच्च धरून ठेवली.

"कोणी घातल्या गं?" मिस डेलोरिसने विचारलं. ती गल्ल्याजवळच्या उंच स्टुलावर बसून पाय चोळत होती.

"टीचर कोरिनने."

"शाळेत? गणिताच्या तासाला आता वेण्या घालतात का?"

"गणिताच्या नाही काही. शांत खोलीत."

खुर्चीतून ओडेसा हसली, तशी तिची मान हलली. "माझंही नाव घाल गं त्या शाळेत. तीन तास बसून माझं बूड दगड झालंय, आणि इथे नुसतं 'मान सरळ धर, मान सरळ धर'."

"मान सरळ धर," वोनेटा म्हणाली.

"बघा!"

सगळं दुकान हसलं. मिस डेलोरिस हसताहसता थांबली आणि नाइमाला जवळ बोलावून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "हात चांगलाय हो बाईचा. विचार तिला शनिवारी मोकळी आहे का. तू दमतेस ना हल्ली, वोनेटा." म्हातारी वाईट मनाची नव्हती, थट्टाच करत होती. पण वोनेटाने ओडेसाची वेणी अर्धीच सोडून पोरीला आपल्याकडे ओढलं.

"दुखलं?" तिने नाइमाला विचारलं.

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही, ममा. ती आधी सांगते, आता ओढणार आहे हं, मग ओढते."

वोनेटाने वाकून पोरीच्या मानेचा वास घेतला. तिच्या बाटलीतल्या तेलाचा वास नव्हता. लव्हेंडरचा होता. दुसऱ्या कोणाच्या तरी घराचा वास होता तो, जिथे खिडकीत कुंड्या असतात आणि माणसं एकमेकांना आधी सांगून मग ओढतात.

हेवा तिच्या घरी नवा नव्हता. पण आतापर्यंत तो लोकांना तिचा वाटायचा, आणि ते तिला आवडायचं, खोटं कशाला बोला. पाच वर्षांपूर्वी त्या शाळेच्या व्यायामशाळेत चिठ्ठ्या काढल्या तेव्हा शेजारच्या घरातली यूनिस तिच्या मांडीला मांडी लावून बसली होती, दोघींनी एकमेकींचे हात धरले होते. नाइमाचं नाव निघालं, यूनिसच्या नातवाचं निघालं नाही. यूनिसने तिचा हात सोडला तो अजून धरलेला नाही. त्यानंतर दर महिन्याला वोनेटा पायऱ्यांवर बसून मुद्दाम मोठ्यांदा सांगायची: शाळेत डोळे तपासले, चष्मासुद्धा तिथेच दिला. दातांचा डॉक्टर गाडी घेऊन अंगणात येतो. नाश्ता वर्गात. कपडे धुवायचं यंत्र आहे, कोणाचा कोट ओला झाला तर तिथल्या तिथे वाळवून देतात. सकाळी गोल करून बसतात आणि प्रत्येक जण आपल्या आतलं हवामान सांगतो, ऊन आहे की ढग आहेत की वादळ. "आतलं हवामान!" यूनिस म्हणाली होती. "आमच्या वेळी बाहेरचं विचारायलासुद्धा कोणी नव्हतं." आणि वोनेटा हसली होती, जिंकल्यासारखी. शाळेच्या दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत रंगवलेलं आहे: इथे अख्खं मूल येतं. तेव्हा तिला ते वाक्य आवडलं होतं. अख्खं मूल न्या बाई, तिला वाटलं होतं, मी दिवसभर उभी असते, माझ्याच्याने अर्धं सुद्धा उचलत नाही.

आता नेलंत ना अख्खं. मला काय उरलं?

मंगळवारी संध्याकाळी जेवण झाल्यावर तिने जे केलं ते तिने कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नव्हती. भांडी तशीच सिंकमधे ठेवून ती सोफ्यावर बसली, गुडघे फाकवले आणि मधली उशी थोपटली. "ये."

नाइमा आली. जमिनीवरच्या उशीवर, आईच्या दोन गुडघ्यांच्या मधे, ही तिची जागा होती, रविवारची. गेले दोन रविवार ती जागा रिकामी होती, कारण वोनेटा दुकानात होती आणि घरी आल्यावर तिच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या चालायच्या. दोन आठवडे पोरीचे केस एका रबरात बांधलेले, रात्री टोपी, सकाळी पाण्याचा हात. खाजत असणारच. वोनेटाला ठाऊक होतं खाजत असणार. शनिवारपर्यंत चालेल, असं तिने ठरवलं होतं, ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळ्यात शेवटी, सगळ्यात सुंदर. हे तिने मनाशी ठरवलेलं होतं. मनाशी ठरवलेलं कोणाला दिसत नाही, हीच तर गोची आहे.

तिने पहिला मणी काढला.

"ममा, काय करतेस?"

"नीट घालते."

"नीट आहेत ना."

"कानामागे वाकलीय एक."

एकेक मणी बशीत पडत होता, टिक, टिक. आठही वेण्या सुटल्या तेव्हा केस दिव्यासमोर काळ्या ढगासारखे उभे राहिले, स्वच्छ, एकही गुंता नाही. गुंतासुद्धा ठेवला नव्हता तिने माझ्यासाठी, वोनेटाला वाटलं. तिने दहा घालायचं ठरवलं. दहा, बारीक, बाजूला एक नागमोडी, जशा ती हौशी पोरींना घालते आणि ज्या बघायला बाकीच्या खुर्च्यांवरची गिऱ्हाइकं मान वळवतात. पहिली चांगली झाली. तिसरीला अंगठ्यात कळ आली. चौथीला नाइमाने मान हलवली आणि वोनेटाने कंगव्याची पाठ तिच्या खांद्यावर टपकन मारली, जोरात नाही, तिच्या आईने तिला मारली होती तशी, आईच्या आईने आईला मारली होती तशी. "मान!"

"सांग ना आधी."

"काय सांगू?"

"ओढायच्या आधी सांग."

वोनेटाचा हात थांबला. मग तिने न सांगता ओढलं. हे तिने जाणूनबुजून केलं, आणि पोरीच्या मानेवरची शीर ताठ झालेली तिला दिसली, आणि पोरगी रडली नाही, नाकाने लांब श्वास घेतला आणि तोंडाने हळूच सोडला. शाळेत शिकवलंय ते. वादळ आलं की असा श्वास घ्यायचा. ती आपल्या आईला वादळासारखं सहन करत होती.

दहा झाल्याच नाहीत. सहा झाल्या, आणि सहावीला भांग इतका वाकडा गेला की नव्या शिकाऊ पोरीलासुद्धा मिस डेलोरिसने पुन्हा सोडायला लावला असता. वोनेटाची बोटं मिटेनात. जिचा हात बघायला लोक पुलापलीकडच्या कॅम्डेनहून येतात तिने आपल्या पोटच्या पोरीच्या डोक्यावर असली घाण केली होती.

"सुंदर होत्या त्या," नाइमा आरशात बघत म्हणाली.

"माझ्या नाहीत का?"

"तुझ्यापण."

त्या 'पण'वर वोनेटा दोन दिवस जगली. ते बारीक हाड घशात अडकल्यासारखं राहिलं, गिळता येईना, थुंकता येईना.

गुरुवारी दुपारी दोन वाजता शाळेत बैठक होती. या शाळेत बाई आईबापांना मुलाबद्दल सांगत नाहीत. मूलच सांगतं. खुर्च्या मूल मांडतं, आपली फाइल आपणच उघडतं, काय जमलं आणि काय नाही ते वाचून दाखवतं, आणि मोठ्या माणसांनी मधे बोलायचं नसतं. ईस्टरच्या आठवड्यातल्या गुरुवारी दोन तासांची सुट्टी मागितली तेव्हा मिस डेलोरिसने कपाळाला हात लावला होता. "आज? आज तर देव स्वतः आला तरी त्याला थांबायला सांगेन मी."

"पोरीची बैठक आहे."

"मग जा. आणि त्या बाईशी भांडू नकोस."

"कोण भांडतंय?"

"तुझे कान बघ आरशात. लाल झालेत."

ब्रॉड स्ट्रीटवरून खाली जाताना बसमधे तिने वाक्यं पुन्हा लावून घेतली, पत्त्यांसारखी. आधी: कोणाला विचारून लावलात? मग: आई मेली होती का? मग ती बाई काही मुळमुळीत बोलेल, तेव्हा: तुम्हाला स्वतःचं मूल नाही ना, म्हणून. हे शेवटचं फार वाईट होतं, आणि म्हणूनच तिने ते वर ठेवलं होतं. कोपऱ्यावर एक जण गरम प्रेट्झेल विकत होता, त्याच्या कागदी पिशवीचा खारट वास खिडकीतून आत आला आणि तिला कसंतरी झालं, नऊ वर्षांचं झाल्यासारखं. हा तोच कोपरा. शाळेला नवं नाव, नवा रंग, दाराच्या दगडी कमानीवर मात्र जुनं नाव तसंच कोरलेलं, ते कोणाला खरवडून काढता आलं नव्हतं. वोनेटा लहानपणी या जुन्या शाळेत पाच वर्षं शिकली होती. पोरीच्या प्रवेशापासून ती इथे कितीदा आली असेल, व्यायामशाळेत, अंगणात, कार्यालयात. वर्गात मात्र कधी गेली नव्हती, नाइमाचे वर्ग आजवर नव्या बाजूला होते. या वर्षी चौथीला जुन्या बाजूला आले होते. हे तिला कागदावर ठाऊक होतं. पायांना ठाऊक नव्हतं. जिन्याशेजारचा तिसरा दरवाजा आला, आणि तिचे पाय थांबले.

वर्ग क्रमांक एकशे चौदा.

खिडक्या त्याच होत्या, उंच, खालचा भाग धुरकट. हीटर तोच, लोखंडी, फासळ्या दिसणाऱ्या जनावरासारखा, फक्त आता पिवळा रंगवलेला. खाली गालिचा, उशा, कोपऱ्यात एक छोटा तंबू ज्यात दमलेल्या मुलाने जाऊन बसायचं, काचेच्या भांड्यात वालाचे कोंब. तिची जागा हीटरपासून दुसरी होती. तिथे आता तो तंबू होता.

त्या वर्षी तिची आई साउथ कॅरोलिनाला गेली होती, स्वतःच्या आईचं दुखणं काढायला. एक आठवडा म्हणाली, महिना लागला. वोनेटा काकाकडे राहिली. अंकल लेस्टर बसच्या गॅरेजमधे मेकॅनिक होता, त्याला जगातलं सगळं जमायचं, अंडी, इस्त्री, बिघडलेला टीव्ही. केस जमायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात त्याने प्रयत्न केला आणि दोघंही रडकुंडीला आली. मग त्याने तिला आपली निळी लोकरीची टोपी दिली. "ही घाल. राणी दिसतेस." तीन आठवडे ती टोपी डोक्यावर. आत केस घट्ट झाले, दोरखंडासारखे. एक दिवस शाळेतल्या बाईंचं, मिसेस गॅडसनचं, लक्ष गेलं. ती बाई वाईट नव्हती. चौतीस मुलं होती तिच्याकडे, एक हीटर होता आणि नियम होता.

"टोपी काढ. वर्गात टोपी चालत नाही."

"मला थंडी वाजते, मॅम."

"हीटरजवळ बसली आहेस. काढ."

तिने काढली. पुढचं तिला चित्र म्हणून आठवत नाही, आवाज म्हणून आठवतं. आधी काहीच नाही, मग मागून एक फुसका आवाज, मग सगळा वर्ग. मिसेस गॅडसनने फळ्यावर पट्टी आपटली. वर्ग गप्प झाला, पण ती दिवसभर तशीच बसून राहिली, डोक्यावर ते सगळं घेऊन, टोपी बाईंच्या खणात. कानशिलं गरम. हीटरकडून आणि आतून. सुटताना तिच्या कोटाला टाचणीने एक चिठ्ठी लावली गेली: केस विंचरल्याशिवाय शाळेत पाठवू नये. कोणी विचारलं नाही, आई कुठे आहे गं तुझी? कोणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. ती वाट बघत होती विचारण्याची. दाराशी मुद्दाम हळूहळू बूट बांधत होती.

तीन दिवस ती घरी बसली. अंकल लेस्टर कामावर. स्वयंपाकघरात फरशी पुसायचा मॉप उलटा टांगलेला असायचा, त्याच्या राखाडी सुती दोऱ्या खाली लोंबत. तिने स्टूल ओढलं आणि त्या दोऱ्यांवर सुरुवात केली. तीन पेड, वर, खाली, मधे. पहिल्या दिवशी सुटल्या, दुसऱ्या दिवशी टिकल्या. तिसऱ्या दिवशी तिने काकाच्या कात्रीने डोक्यातल्या गाठी कापून टाकल्या आणि उरलेल्या केसांच्या, आरसा न बघता, बोटांनी वेण्या घातल्या. लोक तिला विचारतात, हा हात कोणाकडून आला, आजीकडून का? ती हो म्हणते. मॉपकडून आला असं कसं सांगायचं.

"ममा? तुझी खुर्ची ही."

नाइमाने तीन छोट्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. डोक्यावर सहा वेण्या, सहावीचा भांग वाकडा, मणी नाहीत. वोनेटाचे गुडघे छातीशी आले. समोर टीचर कोरिन बसली, गोल चेहऱ्याची, स्वतःचे केस बारीक कापलेली. तिची नजर नाइमाच्या डोक्याकडे एकदा गेली आणि लगेच, शहाण्यासारखी, परत आली. ते शहाणपण वोनेटाला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

"आधी हवामान," नाइमा म्हणाली. तिचा आवाज घरातल्यापेक्षा मोठा होता. "माझं ऊन आहे, पण थोडे ढग. टीचर कोरिन?"

"माझं वारं सुटलंय. जरा घाबरलेय मी आज."

"ममा?"

वोनेटाने खांदे उडवले.

"पासपण म्हणता येतं," नाइमाने समजावलं.

"पास."

नाइमाने फाइल उघडली. वाचनाचं पान, अपूर्णांकांचं पान, वालाची उंची. वोनेटा ऐकत नव्हती, पत्ते हातात धरून बसली होती, कोणतं पान कधी टाकायचं. मग पोरीने पिवळा कागद काढला, दोन्ही हातांत धरला.

"अवघड गोष्ट," ती वाचू लागली. "माझं डोकं खाजत होतं आणि मुलं बघत होती. ममा दमली होती, कारण ईस्टरला सगळ्यांच्या वेण्या तिला घालायला लागतात. तिचा हात दुखतो पण ती सांगत नाही. मी काय केलं. मी शांत खोलीत गेले आणि टीचर कोरिनला विचारलं, माझ्या वेण्या घालशील का. मला काय कळलं." तिने श्वास घेतला. "मला कळलं की मदत मागितली की मिळते."

खाली मुलांनी चेंडू आपटल्याचा आवाज येत होता.

मदत मागितली की मिळते. पोरीने ते असं वाचलं होतं जसं पाणी तापवलं की उकळतं, जसं सहा सक छत्तीस. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. ती पान उलटत होती. आणि वोनेटाच्या लक्षात आलं की आपण या सव्वीस वर्षांच्या बाईवर कधी जळतच नव्हतो. ही बाई कोण, हिचे दोन हात आहेत, बरे चालतात. आपण जळत होतो या पोरीवर. आपल्या, पोटच्या, मणी नसलेल्या. हिला मागता येतं. हिने तोंड उघडलं आणि कोणीतरी आधी सांगून मग ओढलं. याच खोलीत, चार पावलांवर, त्या तंबूच्या जागी. आई आपल्या लेकरावर जळते हे बोलायला जीभ रेटत नाही, पण जळत होती, पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत, आणि टाळूवर सगळ्यात जास्त.

"मिस वोनेटा," टीचर कोरिन हळूच म्हणाली, "मी तुम्हाला आधी फोन करायला हवा होता. केस म्हणजे साधी गोष्ट नाही, मी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला असता तर माझ्याही आईने मला मारलं असतं. चूक माझी होती. माफ करा."

बघा. माफीसुद्धा तयार. वोनेटा दोन दिवस ज्याच्यासाठी दात-ओठ खात होती ते ताटात वाढून समोर आलं आणि तिला त्याची भूकच नव्हती. हातातली सगळी पानं फुकट गेली.

दारात पुढचे आईबाप येऊन उभे राहिले, बाप कामाच्या बुटात, हातात टोपी. टीचर कोरिनने त्यांना बोटांनी एक मिनिट असं सांगितलं.

"जाताना परत हवामान सांगायचं असतं," नाइमा म्हणाली. "माझं आता नुसतं ऊन. ममा, तू पास म्हणाली होतीस. आता सांग ना."

वोनेटा उठली नाही. तिने हात लांब करून पोरीला जवळ घेतलं, गुडघ्यांच्या मधे, आणि तिच्या सहाव्या वेणीचं टोक बोटात धरलं. "ही सोडते आता, घरी गेल्यावर. आधी सांगून." मग तिने मान वर केली.

"मी याच वर्गात होते. तिथे, तंबू आहे ना, तिथे बसायचे. नऊ वर्षांची. माझी आई महिनाभर नव्हती आणि माझ्या डोक्यात कंगवा शिरत नव्हता."

टीचर कोरिनचा चेहरा उतरला. "मिस वोनेटा, मी... मी तेव्हा दोन वर्षांची असेन."

"तुला नाही विचारत गं, पोरी. तुझा हात चांगलाय." तिची नजर टीचर कोरिनवरून पुढे गेली, पिवळ्या हीटरवरून, धुरकट काचांवरून, त्या भिंतीकडे जिच्या दुसऱ्या अंगाला बाहेर ती पुरुषभर अक्षरं होती. "ज्याने ते बाहेर लिहिलंय त्याला विचारते. त्याला बोलव. फोन लाव, चिठ्ठी टाच त्याच्या कोटाला, काय करायचं ते कर."

दारातला बाप खाकरला. "बाई, आमची वेळ झालीय—"

"थांबा की दादा. मलापण दिवसभर बसवलं होतं इथे, टोपीशिवाय." तिने पोरीची वेणी सोडली नाही. छोटी खुर्ची कुरकुरली, ती आणखी घट्ट बसली. "मीपण अख्खीच आले होते. दोन हात, दोन पाय, डोकं, सगळं घेऊन. दाराशी बूट बांधत उभी होते, कितीतरी वेळ. माझ्या केसांना का नाही हात लावलात? मी बसलेय. सांगा."